लॅबचं सहावं वर्ष

नव्या कॉम्प्युटर लॅबचं उद्घाटन कसं होतं हे वडोदऱ्यात कुणाला सांगायला नको. दाराला आसोपालवाचं तोरण, नारळ, मॉनिटरला कुंकवाचं बोट, आणि माऊस धरून बसलेल्या तीन मुलींचा फोटो. पाच-सहा वर्षांनी त्याच दाराला ताळं दिसतं. आत दहातले चार पडदे काळे, खुर्च्या परीक्षेसाठी दुसऱ्या वर्गात गेलेल्या, टेबलावर बोटाने नाव काढता येईल इतकी धूळ. मधे काय घडलं याचा गुन्हेगार शोधू गेलं तर हाती बहुधा वीस-तीस रुपयांचा सेल लागतो, नाहीतर सुकलेला अर्थिंगचा खड्डा.

सहावंच वर्ष का, तर सरकारी मदतीची रचनाच तशी आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळेला लॅबसाठी एकदाच मिळणारी रक्कम कमाल ६ लाख ४० हजार रुपये, आणि चालवण्याच्या खर्चासाठी दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत, तेही पाच वर्षं. स्मार्ट क्लासरूमसाठी वेगळे २ लाख ४० हजार आणि वर्षाला ३८ हजार. गुजरातसारख्या राज्यात यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. यंत्रं सरळ विकत घेता येतात किंवा ‘बूट’ पद्धतीने बसवून घेता येतात. (पायातल्या बुटाशी संबंध नाही. एजन्सीने लॅब उभारायची, मालकी स्वतःकडे ठेवून पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची.) म्हणजे पाच वर्षं संपतात तेव्हा शाळेला यंत्रांची मालकी मिळते, आणि त्याच सुमारास यंत्रं सांभाळणारा माणूस, त्याचा पगार आणि वॉरंटी, तिन्ही जातात.

पुढचं भागवायचं ते शाळेच्या एकत्रित अनुदानातून. पट शंभराच्या वर आणि अडीचशेच्या आत असेल तर हे अनुदान वर्षाला ५० हजार, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखायचे. उरलेल्या ४५ हजारांत खडू, रजिस्टरं, नळदुरुस्ती, पंखे, रंग. वीज गेल्यावर यंत्रं चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्यांचा पूर्ण संच यात बसवायचा तर त्या वर्षी बाकी बरंच काही सोडावं लागतं. मुख्याध्यापक, आपल्याकडच्या भाषेत आचार्य, बॅटऱ्यांऐवजी नळ निवडतात. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

सरकार या कामात नवखं नाही. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या जवळपास अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रं आली. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रापेक्षाही कमी. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ योजना आली, २०१० मध्ये ती सुधारली, आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षेत आहे. यंत्रं बदलली, रकमा वाढल्या. मदतीची चाल मात्र तीच राहिली: सुरुवातीला मोठी रक्कम, मग काही वर्षं हात धरणं, मग शाळेने आपलं बघायचं.

या शहरात राहून हे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवतेच. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्यात नेला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यांच्या ग्रंथालयांचा पैसा कसा उभा राहायचा, हे कमी लोकांना माहीत असतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला बोलावलं. गावातल्या ग्रंथालयासाठी रीत अशी होती की काही रक्कम गावाने उभी करायची, तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. शिवाय लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरत. पहिली खरेदी आणि पुढचं चालवणं ही एकाच खर्चाची दोन टोकं आहेत, हे त्या तिहाई हिशोबात गृहीत होतं. आज आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफत आहे आणि ते तसंच राहावं. लॅबच्या नावाने पालकांकडून फी घ्यावी असं इथे सुचवायचं नाही. पण ज्या शाळेत एसएमसीने, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीने, पहिल्या वर्षापासून वर्षाकाठी पाच-सात हजार ‘बॅटरीचे’ म्हणून बाजूला टाकले, तिथली लॅब आठव्या-नवव्या वर्षीही उघडते. एवढी साधी तरतूद योजनेच्या कागदात का नसावी, हे कोडंच आहे.

आता आत जाऊ.

दहा यंत्रं, वर्गात पंचेचाळीस मुलं. एका यंत्राला साडेचार मुलं. तास पस्तीस मिनिटांचा. वर्गातून रांगेने येणं, चपला काढणं, यंत्रं सुरू होणं यात सात मिनिटं जातात. उरली अठ्ठावीस, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हाती माऊस सहा मिनिटं. आठवड्याला एक तास आणि वर्षात पस्तीस आठवडे धरले तर वर्षाला साडेतीन तास. तेही वाटणी प्रामाणिक झाली तर. प्रत्यक्षात माऊस मधे बसलेल्याकडे असतो आणि कडेच्या मुलीला पुढच्याची मान दिसते.

उपाय म्हणून अर्धा वर्ग एका आठवड्याला आणि अर्धा पुढच्या आठवड्याला आणावा. गंमत म्हणजे यात मिनिटं फारशी वाढत नाहीत. दोन आठवड्यांना चौदा, म्हणजे आठवड्याला सातच. पण सलग चौदा मिनिटांत एक चित्र, एक तक्ता, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमधलं एक चालणारं मांजर पुरं होतं. सहा मिनिटांत फक्त फाइल उघडून होते. शिवाय यंत्रापुढे दोघंच असले की एक हात चालवतो आणि दुसरा चुका पकडतो, आणि चुका पकडणाराही शिकतो. चौदा मिनिटांनी घंटी वाजवून जागा बदलायची. घंटी हवीच, ‘आता तू घे’ हे आपणहून म्हणणारं मूल क्वचितच सापडतं. वर्गात मागे राहिलेल्या अर्ध्यांना चौकटीच्या कागदावर रस्ता काढायला द्यावा: तीन घरं पुढे, उजवीकडे वळ, दोन घरं पुढे. पुढच्या आठवड्यात तोच रस्ता पडद्यावर.

विजेबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण बहुतेक लॅबा इथेच मरतात. दहा डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण एक किलोवॅट खातात. त्यासाठी बहुधा तीन केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि १२ व्होल्टच्या सहा ते आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. छापताना आतला हीटर एकदम ओढ घेतो आणि यूपीएस आडवा होतो. त्याला भिंतीतला वेगळा सॉकेट द्यावा आणि वर ‘फक्त प्रिंटर’ असं लिहून ठेवावं.

बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. वडोदऱ्याचा मे महिना बेचाळीस अंशांचा आणि खोली बंद; पाच वर्षांची म्हणून आणलेली बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दम तोडते यात फसवणूक कुणाची नसते. सरळ जोडणीत एक बॅटरी मेली की सगळा संच मेल्यासारखा वागतो. म्हणून यूपीएस भार घेत असताना प्रत्येक बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं उपकरण) लावावा. चांगली बॅटरी निवांत असताना १२.७ च्या आसपास दाखवते. भाराखाली इतर बाराच्या जवळ असताना एखादी झपाट्याने साडेदहाच्या खाली गेली तर चोर सापडला. संच वर्षाच्या आतला असेल तर ती एकटी बदलता येते. जुन्या संचात मात्र एकच नवी घातली तर जुन्या तिला आपल्या वळणावर नेतात आणि पैसे वाया जातात. तिथे सगळ्या एकदम बदलाव्यात.

अर्थिंगची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती फारच कमी ठिकाणी होते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही साधारण तितकंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांच्या आत. तिसरं माप दहा-पंधरा आलं तर खड्डा सुकलाय किंवा तार सुटलीय. अर्थ पूर्णच तुटला असेल तर कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या निम्मं, शंभर-सव्वाशे व्होल्ट, येऊन बसतं. त्यातून प्रवाह अगदी थोडा वाहतो म्हणून मुलं ‘सर, झिणझिण्या येतात’ एवढंच म्हणतात आणि आपण ‘चपला घालून बसा’ म्हणतो. हे सांगणं चुकीचं आहे. त्या दिवशी लॅब बंद करून वायरमन बोलवावा. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली की काम संपलं असं समजतात, पण उन्हाळ्यात त्याला पाणी लागतं. आठवड्याला दोन बादल्या. शाळेच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्यालाच हे काम द्यावं, ते विसरलं जात नाही.

आणि विश्वामित्री. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ अखेर नदी पुन्हा शहरात शिरली. तेव्हा मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. तळमजल्यावरचे यूपीएस कुणी मोजले नाहीत. पाणी आधी बॅटऱ्यांना गाठतं, कारण त्या नेहमी जमिनीवर ठेवलेल्या असतात. नदीकाठच्या भागात लॅब पहिल्या मजल्यावर असावी. ते शक्य नसेल तर बॅटऱ्यांचा लोखंडी घोडा दोन फूट उंच, सॉकेट तीन फुटांवर, आणि पाऊस चढू लागला की सीपीयू टेबलावर चढवायचे. पाण्यात गेलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून लगेच सुरू करणं हाच खरा घात. वीज तोडून, उघडून, साध्या स्वच्छ पाण्याने चिखल धुऊन आठवडाभर पंख्याखाली वाळवलं तर काही बोर्ड परत येतात. पुराच्या पाण्यात राहिलेली बॅटरी पुन्हा वापरात घेऊ नये.

छोटे आजार त्यापुढे करमणुकीसारखे. सगळ्यात लबाड आजार मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर २०३२ चा. तो संपला की यंत्र घड्याळ विसरतं आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र तपासतो, यंत्रातल्या त्या जुन्या तारखेला ते ‘अजून जन्मलेलंच नाही’ असं त्याला दिसतं आणि तो दार लावून घेतो. लॅबमध्ये बोभाटा होतो की नेट बंद आहे. नेटवाला येतो, राउटर बदलून जातो, नेट बंदच. म्हणून नेटची तक्रार आली की आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघायची. सेल बदलताना वायर काढायची, सुरू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज संपवायची, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा सेल बसवायचा आणि तारीख घालायची.

सुरू करताच यंत्र नुसतं पीप-पीप करत असेल आणि पडदा काळा असेल तर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कडा शाळेतल्याच खोडरबराने पुसावी. आपल्या दमट जुलैमध्ये यातून बरेच ‘मेलेले’ सीपीयू उठतात. खडूचा फळा लॅबमध्ये नकोच. ती पूड पंख्यात जाते आणि यंत्र तापून आपोआप बंद होतं. केबल उघड्या नेल्या तर उंदीर खातात. पीव्हीसी नळीतून न्याव्यात आणि भिंतीतलं भोक भांडी घासायच्या तारेच्या काथ्याने बुजवावं.

यंत्रं जुनी झाली ही तक्रार मात्र अर्धीच खरी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६-१७ च्या खरेदीतली यंत्रं त्यात बसत नाहीत. म्हणून ती भंगारात काढायची का? जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स घातलं की तीन मिनिटांनी सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटात हजर होतं. केबल तीच लागते. स्क्रू जमत नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चालते, कारण एसएसडीला वजन आणि थरथर दोन्ही नसतात. तासातली सात मिनिटं वाया जातात म्हटलं ना, त्यातली अडीच इथे परत मिळतात.

एक यंत्र नीट तयार करावं: लिबरऑफिस, टक्स पेंट, जीकॉम्प्री, ऑफलाइन स्क्रॅच, मुलांसाठी अधिकार नसलेलं वेगळं खातं. मग क्लोनझिला या सॉफ्टवेअरने त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन बाकी नऊ यंत्रांत ओतावी. प्रत्येकी वीस मिनिटं. ही प्रत कपाटात ठेवली की पुढे कुठलंही यंत्र बिघडलं तरी दुरुस्ती वीस मिनिटांचीच. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या शॉर्टकट व्हायरसचा जाचही यात जवळजवळ संपतो. ‘मुलांना विंडोजच हवं’ हा आक्षेप गुजरातमध्ये तर फारच तोकडा आहे; बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांनीच मुलांना उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, शिकवलं आहे.

मराठी शाळांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती फुकट आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांतलं मूल घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकतं. त्याला टायपिंग रोमन अक्षरांतून शिकवलं जातं, किंवा जुन्या फॉन्टवर, ज्यात लिहिलेलं दुसऱ्या यंत्रावर गिचमिड होतं. इनस्क्रिप्ट कळपाटावर डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आणि बहुतेक भारतीय लिप्यांत तीच मांडणी. बी, डावा चौकटी कंस, ए, ओ, जे, ई ही सहा बटणं ओळीने दाबा: देवनागरी असेल तर ‘वडोदरा’, गुजराती असेल तर तेच नाव गुजरातीत. बोटांना लिपी बदलल्याचं कळतही नाही. दांडिया बाजारातल्या मुलीने सहावीत मराठी टायपिंग शिकलं की गुजराती टायपिंग तिला येऊनच जातं. रोज दहा मिनिटं दिली तर दोन महिन्यांत बोटं बसतात. स्टिकर पहिले पंधरा दिवसच लावावेत, मग काढावेत. नाहीतर नजर खालीच राहते.

हे सगळं करायचं कुणी, तिथे गाडी अडते. ज्ञान सहायकाचा, म्हणजे कंत्राटी शिक्षकाचा, करार अकरा महिन्यांचा. तो गेला की पासवर्डही जातात. आचार्यांना यंत्रांपेक्षा डेड स्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची, भीती जास्त. बदलीच्या वेळी एक माऊस कमी भरला तर उत्तर त्यांना द्यायचं असतं. ताळं आळसापायी लागत नाही, या भीतीपोटी लागतं. माऊस, कीबोर्ड, सेल, केबल या वापरून संपणाऱ्या वस्तू म्हणून वेगळ्या रजिस्टरात लिहिल्या तर निम्मी भीती उतरते. पूर्ण मेलेल्या यंत्रांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून नाव कमी करणं, वेळेवर मागावं. एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांनी ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवीत, भंगारवाल्याकडे नाही. आणि निर्लेखन अडलं की चार मेलेली यंत्रं चार जिवंत जागा अडवून बसतात.

माणूस बदलत राहणार हे धरून एक जाड वही लॅबमध्ये दोरीने बांधून ठेवावी. पाच रकाने: तारीख, यंत्राचा क्रमांक, काय दिसलं, काय केलं, कुणी केलं. ‘बिघडलं’ असं लिहायचं नाही. ‘तीन वेळा पीप, पडदा काळा’ असं लिहायचं. आठवीतली दोन आणि सातवीतली दोन मुलं लॅबची जबाबदार. फक्त आठवीची ठेवली तर जूनमध्ये सगळं शहाणपण शाळा सोडून जातं.

आणि सुट्टीआधीचा शनिवार लॅबसाठी ठेवावा. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करायच्या, मग यूपीएस बंद करून बॅटरीचा स्विच पाडायचा. बंद खोलीत बॅटरी हळूहळू आपोआप उतरते आणि उतरलेली राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. म्हणून मेच्या मध्यावर कुणीतरी येऊन एक दिवस ती पुन्हा चार्ज करायची, आणि त्याच फेरीत अर्थिंगला दोन बादल्या. यंत्रांवर प्लास्टिक टाकू नये, पहिल्या पावसात आत दव धरतं. जुन्या सुती चादरी बऱ्या. राउटरची वायर भिंतीतून काढून ठेवायची. प्रोजेक्टर असेल तर त्याची जाळी काढून ब्रशने झाडायची. वहीत शेवटची ओळ लिहायची: किती यंत्रं चालू, कोणाला काय झालंय, कोणता सुटा भाग जूनमध्ये आणायचा. किल्लीला क्रमांकाचा बिल्ला लावून ती आचार्यांच्या कपाटात, आणि दुसरी शिपाईकाकांकडे, कारण मेच्या मध्यावर कुणी येतं तेव्हा आचार्य गावाला गेलेले असतात.